नाव, गाव, जांब, फूल

'स्त्री' या शब्दात अक्षरं किती? पहिलीतलं मूल एक बोट वर करील. माझा संगणक सहा म्हणतो: स, त्याचा मोडलेला पाय, त, त्याचाही मोडलेला पाय, र आणि दुसरी वेलांटी. तो खोटं बोलत नाही. त्याच्या लेखी प्रत्येक खुणेला स्वतंत्र क्रमांक आहे आणि तो क्रमांक मोजतो. देवनागरी लिपी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे. पण मोजताना जोडाक्षर मधून तोडू नये, ते सबंध एकच धरावं, हा नियम तिथे आला २०२३ साली, १५.१ या आवृत्तीत. त्याआधी आपल्या लिप्यांमध्ये शब्दखेळ बनवायला बसलेल्या माणसाला हा नियम स्वतःच लिहावा लागे. आम्हीही लिहिला.

आम्ही म्हणजे मी आणि माझा एक कन्नड भाषक मित्र. दोघंही बंगळूरमध्ये नोकरी करतो आणि नोकरीतून उरलेल्या रात्री नि रविवारी फोनवरचा एक खेळ बनवतो. खेळ नवा नाही. मराठी घरांत त्याला 'नाव, गाव, फळ, फूल' म्हणतात. इंग्रजी शाळेत शिकलेल्यांना तो 'नेम, प्लेस, ॲनिमल, थिंग' म्हणून माहीत असेल. जर्मन मुलं 'शहर, देश, नदी' खेळतात ती याचीच बहीण. एक अक्षर निघतं. त्या अक्षरावरून एक नाव, एक गाव, एक फळ, एक फूल लिहायचं. हौस असेल तर पुढे प्राणी, पक्षी, वस्तू, सिनेमा. ज्याचं आधी लिहून होईल तो 'स्टॉप' ओरडतो. कुणालाही न सुचलेला शब्द लिहिला तर दहा गुण, दोघांचा सारखा आला तर पाच-पाच, रिकामं राहिलं तर भोपळा. साहित्य म्हणाल तर कागद, पेन्सिल आणि एक भांडखोर घर.

आमच्याकडे तिसऱ्या गोष्टीची कमी नव्हती. मी वाढले बडोद्यात, पण हा खेळ शिकले आजोळी, अमरावतीजवळच्या एका तालुक्याच्या गावी. मे महिन्याच्या दुपारी आजी दारं लावून घ्यायची आणि आम्हा मुलांच्या बरोबरीने आई, मामा आणि मावशीही कागद घेऊन बसायची. अक्षर काढायची पद्धत अशी, की एकाने मनातल्या मनात 'अ'पासून वर्णमाला म्हणत सुटायचं आणि दुसऱ्याने मध्येच थांबवायचं. म्हणणारा मनात काय म्हणत होता याला साक्षीदार नसे. मामा थांबला की बहुतेक वेळा 'क' किंवा 'प' निघायचा आणि त्याच्या कागदावर फळाच्या रकान्यात पपनस आधीपासून तयार असायचं.

आजी गेली त्याला आता नऊ वर्षं झाली. नंतर घराचा विषय निघाला. मामाने दोन्ही बहिणींकडे हक्कसोडपत्र पाठवलं. आईने सही केली. मावशीने केली नाही. तिचं म्हणणं काय होतं आणि मामाचं काय होतं हे इथे लिहिण्यात अर्थ नाही. ज्यांच्या घरात असं झालं आहे त्यांना दोन्ही म्हणणी पाठ असतील. घर बंद आहे. मामा नागपूरला, मावशी लग्न झाल्यापासून इंदूरला, आई बडोद्याला. २०२० च्या टाळेबंदीत आम्ही भावंडांनी व्हिडिओ कॉलवर हा खेळ सुरू केला. कागद कॅमेऱ्यासमोर धरायचे आणि तो नीट दिसत नाही म्हणून सगळ्यांनी ओरडायचं. मावशी आली की मामाचा कॅमेरा बंद व्हायचा. तो जायचा नाही, पण दिसायचा नाही. खेळाचं ॲप करावं हे माझ्या डोक्यात तेव्हा आलं. त्यामागे घर जोडण्याचा उदात्त हेतू होता असं सांगितलं तर ते छान दिसेल. खरं तर मला कॅमेऱ्यासमोर धरलेल्या कागदांचा कंटाळा आला होता.

'ॲप' या शब्दापासूनच सुरुवात करू. तो तीन प्रकारे टंकता येतो. 'अ' लिहून त्यावर चंद्र देता येतो. हिंदीच्या वळणाचा 'ऍ' वापरता येतो. किंवा 'ॲ' हे एकसंध अक्षर घेता येतं, जे युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं. यातला पहिला आणि तिसरा प्रकार पडद्यावर अगदी एकसारखे दिसतात. संगणकाला मात्र ते तीन वेगळे शब्द वाटतात. तिघांनी वस्तूच्या रकान्यात ॲप लिहिलं तर तो तिघांनाही दहा-दहा देऊन मोकळा. कऱ्हाडचं याहून गमतीचं. तो 'ऱ्ह' दोन तऱ्हांनी साठवला जातो आणि त्यातल्या एका तऱ्हेत एक अदृश्य चिन्ह असतं, जे छापलं तर कागदावर काहीच उमटत नाही. शेजारी शेजारी बसलेले दोघं कऱ्हाड लिहितात, दोघांच्या फोनवर तेच दिसतं आणि गुण वेगळे पडतात. शिवाय कराडही आहेच. अशा सगळ्या जोड्या शोधून त्यांची सोयरीक लावणं, हे माझं पहिल्या वर्षाचं काम होतं. मित्र सर्व्हर सांभाळायचा आणि मला विचारायचा, आज कुणाचं लग्न लावलंस?

मग 'क्ष'चा प्रश्न. 'क' निघाला तर क्षितिज चालेल का? पुण्याच्या एका भावाचं म्हणणं, क्ष म्हणजे क आणि ष, तेव्हा चालेल. आईचं म्हणणं, अजिबात नाही, क्ष शेवटी येतो. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमालेविषयी निर्णय काढला. त्यात ॲ आणि ऑ वर्णमालेत घेतले आणि क्ष, ज्ञ यांना 'विशेष संयुक्त व्यंजने' म्हणून आपापली जागा दिली. मी तो निर्णय घरच्या गटावर पाठवला. एका शासन निर्णयाने आमच्या घरातला वाद मिटण्याची ती पहिलीच वेळ. 'प्र' मात्र 'प'मध्येच धरतो, त्याला कुणी विशेष म्हटलेलं नाही.

आणि ज्यांच्यावर आपण एवढं प्रेम करतो ते ळ आणि ण? त्यांच्यापासून मराठी शब्द सुरूच होत नाही. बालभारतीपासून भिंतीवरच्या तक्त्यापर्यंत सगळीकडे 'क कमळाचा' असतो, पण ण बाणाचा आणि ळ बाळाचा. पहिल्या बाकावर त्यांना कधी जागा मिळालेलीच नाही. मित्र म्हणाला, कन्नडमध्येही तसंच. म्हणून आमच्या चकतीवर ण, ळ, ङ, ञ नाहीत. दिसायला ही साधी गोष्ट आहे. तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

एकत्र खेळायचं तर खोली हवी, खोलीत शिरायला खूण हवी. बहुतेक खेळांत चार अक्षरं देतात. आम्ही देऊन पाहिली. आईने फोनवरून सांगितलेला 'घ' मामाने 'ध' म्हणून टंकला, 'भ'चा 'म' झाला. आणि यंत्राने आपल्या मनाने जोडलेल्या अक्षरांतून एकदा असा शब्द तयार झाला की तो आईला वाचून दाखवणं मला शक्य नव्हतं. मग आम्ही आकडे-अक्षरं सोडून खोल्यांना नावं दिली: एक विशेषण, एक वस्तू. इंग्रजीत हे अर्ध्या तासात होतं. मराठीत यंत्राला आधी शिकवावं लागलं की फणस तो, चिंच ती आणि वांगं ते. हसरा फणस, हसरी चिंच, हसरं वांगं. माझ्या मित्राने वर्षभरात जेवढी मराठी शिकली ती सगळी या यादीतून. कार्यालयात एखादी बैठक लांबली की तो मला चिठ्ठी सरकवतो: रडकं भोपळा. मी 'रडका' असं दुरुस्त करून परत देते.

'स्टॉप'विषयी थोडक्यात. कागदावर जो आधी ओरडला तो आधी. फोनवर मावशीची हाक इंदूरहून मोबाइलच्या डेट्यावर रेंगाळत येते, मामाची नागपूरहून घरच्या वायफायवर टणाटण उड्या मारत. दोघांच्या फोनमधली घड्याळंही एक वेळ दाखवतील याची खात्री नाही. म्हणून सर्व्हर मधूनमधून प्रत्येक फोनला एक ठोका देतो, उत्तर यायला किती वेळ लागला ते मोजतो आणि त्याचा निम्मा भाग वजा करून ठरवतो की बोट खरोखर केव्हा टेकलं. हे कुणालाच पटत नाही. 'मी आधी दाबलं' या वाक्यावर अजून कुठल्याही तंत्रज्ञानाने मात केलेली नाही. एक दिलासा दिला: स्टॉप झाल्यावर दोन सेकंद दार किलकिलं ठेवतो. देवनागरीच्या कळफलकावर शेवटचं अक्षर बराच वेळ अधांतरी असतं. ते खाली रेघ घेऊन दिसतं, पण खेळापर्यंत पोचलेलं नसतं. ती दोन सेकंदं नसतील तर अबोलीची 'अबो' होते.

खरा वाद आमच्या दोघांत झाला तो शब्द बरोबर की चूक हे कुणी ठरवायचं यावरून. मित्राचं मत सरळ होतं: यादी हवी. गावांसाठी जनगणनेची यादी, फळाफुलांसाठी वनस्पतींच्या याद्या, बाकी सगळ्यासाठी शब्दकोश. मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहेत. खेळ जलद होईल, भांडण होणार नाही. मला भांडण हवं होतं. ढोबळी मिरची हे फळ आहे की नाही यावर आजोळी एक अख्खी दुपार गेली होती ('ढ' आला की दुसरं लिहिणार काय?) आणि त्या दुपारी कोण जिंकलं ते कुणालाच आठवत नाही, मिरची सगळ्यांना आठवते. पण कार्यक्रम तो लिहीत होता, म्हणून आधी यादी आली.

चाचणीसाठी आम्ही ओळखीपाळखीच्या घरांत खेळ वाटला. कार्यालयातल्या एका सहकाऱ्याचे वडील सुट्टीत मुलाकडे आले होते. मूळचे कोयनेच्या खोऱ्यातले. शिवसागर जलाशयाखाली जी गावं गेली त्यातल्या एका गावचे. पुनर्वसन सोलापूर जिल्ह्यात झालं, तेव्हा ते शाळकरी होते. अक्षर निघालं आणि त्यांनी गावाच्या रकान्यात आपलं गाव लिहिलं. समोर लाल फुली आली. असं गाव नाही. त्यांनी तक्रार केली नाही. फोन पालथा ठेवला आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं. महसुली दप्तरात ओसाड पडलेल्या गावाला 'बेचिराख' म्हणतात, म्हणजे जिथे दिवा लागत नाही असं. बुडालेल्या गावाला निदान तोही शब्द आमच्या यादीत मिळत नव्हता. त्या रात्री मित्राने स्वतःहून यादी काढली. मी काही बोलले नाही.

नावांचंही तेच. त्याच्या यादीत अथर्व आणि आर्या भरपूर होते. धोंडू, दगडू, रुक्साना, झेलम नव्हते. जगावं म्हणून मुलाला दगडाचं नाव ठेवणारी माणसं ज्या भाषेत आहेत, तिच्यात नावाची यादी कुठे संपवायची? २०११ मध्ये साताऱ्यात जिल्हा प्रशासनाने 'नकुशा' या नावाच्या मुलींचं समारंभाने नव्याने बारसं केलं. आता 'न' आला आणि कुणी नकुशा लिहिलं तर? ते नाव आहे. ते नाव नसायला हवं होतं. हे दोन्ही यंत्राला कळवण्याची सोय मला सापडली नाही.

आणि 'औ'. हे अक्षर निघालं की गावाच्या रकान्यात सगळी मुलं डोळे मिटून औरंगाबाद लिहायची, मग सगळ्यांना पाच-पाच. २०२३ पासून ते छत्रपती संभाजीनगर आहे. आता 'औ'ला कोणी औंध लिहितं, कोणी औसा, कोणी औंढा, आणि काही जण अजून औरंगाबादच लिहितात. ते लिहिताना कुणाच्या मनात काय असतं ते त्यांच्या त्यांच्याजवळ. अहमदनगरचं २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, तेव्हा खेळापुरता काही फरक पडला नाही. अक्षर तेच राहिलं. मित्राने विचारलं, यंत्राने औरंगाबादला काय म्हणायचं? मी म्हटलं, यंत्राने काहीच म्हणायचं नाही, खोलीतल्या माणसांना म्हणू दे. तो हसला. म्हणाला, बंगलोर, बंगळूर, बेंगळुरू यांचं लग्न लावलंस की नाही अजून? लावलं होतं.

तर आता पद्धत अशी आहे. वेळ संपली की सगळ्यांचे शब्द सगळ्यांना दिसतात. प्रत्येक शब्दाखाली दोन बटणं: 'चालेल' आणि 'हरकत'. हरकत घेणाऱ्याने कारण लिहायचं, चाळीस अक्षरांत; अक्षरं म्हणजे आपण मोजतो ती, संगणक मोजतो ती नव्हेत. ज्याचा शब्द त्याला उत्तर द्यायला तेवढीच जागा. मग बाकीचे मत देतात. मित्राचं म्हणणं होतं की हरकत कुणी घेतली ते लपवावं, लोक मोकळेपणाने खेळतील. यावर मात्र मी अडून बसले. आजीच्या ओसरीवर हरकत तोंडावर घेतली जायची. नाव दिसणार.

मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही घरचे सात जण 'हसरी चिंच' नावाच्या खोलीत होतो. बारा-तेरा फेऱ्या झाल्या असतील. मामा आणि मावशी दोघंही खेळत होते, म्हणजे एकाच पडद्यावर दोघांची नावं होती, इतकंच. एकमेकांच्या शब्दाखाली दोघंही काही दाबत नसत. अक्षर आलं ज. सोपं अक्षर. नावात जयश्री, गावात जळगाव, जत, जेजुरी, फुलात जाई, जुई, जास्वंद. माझ्या मित्राला या अक्षराचं वेगळंच कौतुक: जीवातला ज आणि जावयातला ज तुम्ही वेगळे म्हणता आणि एकच लिहिता, ही लबाडी आहे. असो. फळांचा रकाना उघडला.

मामाने लिहिलं होतं जांब. मावशीने जाम. आईने जामफळ.

मराठी वाचणाऱ्यांपैकीही अनेकांना इथे थांबावं लागेल, म्हणून सांगते. पुण्यामुंबईकडे ज्याला पेरू म्हणतात त्याला वऱ्हाडात जांब म्हणतात. इंदूरकडे, सगळ्या माळव्यात, त्यालाच जाम म्हणतात. गुजरातीत तो जामफळ. कोकणात जाम म्हणजे भलतंच फळ, पांढरं-गुलाबी, पाणीदार, घंटेच्या आकाराचं. आणि जांब नावाचं गावही आहे, जालना जिल्ह्यात, रामदासांचं जन्मगाव. चलाख खेळाडू तोच शब्द दोन रकान्यांत खपवू शकतो. ही तिन्ही भावंडं एका घरात वाढली. त्या घराच्या परसात पेरूचं झाड होतं, विहिरीच्या अंगाला, आणि तिघंही त्याला जांबच म्हणत असणार, कारण दुसरा शब्द त्या अंगणात नव्हताच. पुढे एकाने तो ठेवला. दोघी सासरी गेल्या आणि तिथे बाजारात जो शब्द चालतो तो उचलला. बाईच्या तोंडातले किती शब्द असे लग्नात बदलून आलेले असतात ते एकदा मोजायला हवं. त्याला मात्र कुठल्याही आवृत्तीत नियम नाही.

यंत्राने तिघांना दहा-दहा गुण दिले. तीन शब्द, तिन्ही वेगळे. तेवढ्यात जाम या शब्दाखाली लाल पट्टी आली. हरकत: मामा. कारण: 'जाम तर ट्रॅफिक असते.'

सात फोन, चार शहरं, आणि कुणी काही दाबेना. मला माझ्या बाजूला सर्व्हरची नोंद दिसत होती. मावशी टंकत होती, खोडत होती, पुन्हा टंकत होती. मग उत्तर आलं: 'परसातलं झाड विसरलास का दादा'.

मत द्यायची वेळ संपली. नियमाप्रमाणे, मत आलं नाही तर शब्द चालेल. मावशीचे दहा राहिले. मग आई, जी सहसा आपले गुण वाढले की गप्प बसते, सगळ्यांना दिसेल अशी ओळ लिहिती झाली: हे बरोबर नाही. तिघांचं फळ एकच आहे. तिघांना पाच-पाच द्या.

तसं करायला बटणच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी मित्राला हे सांगितलं. त्याने आधी घरच्या भानगडीबद्दल विचारलं, मग बटणाबद्दल. नवं बटण असं ठरलं: 'एकच'. दोन शब्द दिसायला वेगळे पण वस्तू तीच, असं वाटलं तर ते दाबायचं. पण कुणी तिसऱ्याने दाबून चालणार नाही. ज्यांचे शब्द आहेत त्या सगळ्यांनी दाबलं तरच ते लागू. लागू झालं की प्रत्येकाचे पाच गुण कमी. मित्र म्हणाला, ज्याने आपलेच गुण जातात ते बटण कोण दाबेल? खेळाच्या हिशेबाने त्याचं म्हणणं रास्त होतं. तरी त्याने ते करून दिलं. दोन रात्री लागल्या. त्यातली एक पूर्ण रात्र, तिघांतल्या दोघांनी दाबलं आणि तिसऱ्याचा फोन बंद पडला तर काय, याच्यात गेली.

नवी आवृत्ती आल्यावर मी घरच्या गटावर लिहिलं की चाचणी करायची आहे, अक्षर मी हाताने लावणार आहे, गेल्या वेळचेच शब्द लिहा. जांब, जाम, जामफळ. 'एकच' दाबायला साठ सेकंदं होती. आईने लगेच दाबलं. मावशीने तिच्या मागोमाग. मामाच्या नावापुढचं वर्तुळ रिकामं फिरत राहिलं. मी नोंदीत पाहत होते, त्याचा फोन सुरू होता, जोडलेला होता, ठोक्याला ठोका देत होता. एक्केचाळिसाव्या सेकंदाला वर्तुळ भरलं. तिघांचे पाच-पाच झाले. मामाने खाली लिहिलं, बटण फार बारीक आहे, म्हाताऱ्या माणसाला दिसत नाही, मोठं करा.

मोठं केलं.

हक्कसोडपत्रावर अजून सही नाही. घर बंदच आहे. झाड आहे की नाही हे आमच्यापैकी कुणी जाऊन पाहिलेलं नाही. खेळ आतापर्यंत काही शेकडा फोनांवर गेला आहे, त्यातले बरेच महाराष्ट्राबाहेरचे, हैदराबाद, ग्वाल्हेर, बेळगाव, दिल्ली, आणि 'एकच' हे बटण त्या घरांत आमच्या अंदाजापेक्षा जास्त दाबलं जातं. मित्राने यावर काही भाष्य केलं नाही. कन्नडमधली आवृत्ती सुरू करू या, एवढंच म्हणाला. तिथे पेरूला सीबे म्हणतात.

आता पुन्हा ण आणि ळ. पावसाळ्यात मावशीने मला फोन केला. अक्षरांच्या चकतीवर ण का नाही? मी सांगितलं, त्याच्यापासून शब्द सुरू होत नाही. ती म्हणाली, आईच्या घरी ण निघाला की मधे कुठेही ण असलेला शब्द चालायचा. नाव कृष्णा, गाव पुणे, फळ फणस, फूल कण्हेर. चारही रकाने भरतात बघ. ळ निघाला तर बाळू, धुळे, केळं, कमळ. मी कागदावर लिहून पाहिलं. खरंच भरतात. मला हा नियम आठवत नव्हता, पण तो इतका सुबक होता की मी त्याच रात्री लिहायला घेतला आणि गटावर तसं सांगितलं.

सकाळी मामाचं उत्तर होतं. असा काही नियम नव्हता. ण निघाला की पुन्हा वर्णमाला म्हणायची, हाच नियम होता. ती धाकटी होती, रडायची, म्हणून फक्त तिला मधल्या अक्षराची सूट होती. बाकी कुणाला नव्हती.

त्याखाली मावशी: मी रडायचे नाही, तू क चोरायचास.

त्याखाली मामा. त्याखाली मावशी. दुपारपर्यंत बेचाळीस निरोप झाले होते आणि आईने गट मुका करून ठेवला होता. मी नियमाचा कार्यक्रम अर्धा लिहून ठेवला आहे. दोघांपैकी एकाचं म्हणणं कायम झालं की पुरा करीन. तोवर चकतीवर ण येत नाही.